चतुर्थीला गावी जाताना: वायफाय नसलेल्या टीव्हीसाठी काय काय न्यायचं

गावच्या जुन्या टीव्हीवर यूट्यूब, नेटफ्लिक्स लावायचं असेल तर पहिलं काम दुकानात नाही, फोनवर आहे. गावी जो हाताशी असेल, पुतण्या, भाची किंवा शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा, त्याला टीव्हीच्या पाठीचे फोटो काढून पाठवायला सांगा. बाबांना सांगून उपयोग नाही. "सगळं नीट चालू आहे, उगाच मागे हात घालू नका," म्हणतील आणि विषय संपेल. एक फोटो मॉडेल नंबरच्या स्टिकरचा हवा. बाकीचे पाठीला आणि बाजूला जेवढ्या खाचा आहेत त्या सगळ्यांचे, टॉर्च मारून, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. टीव्ही भिंतीला चिकटवून बसवला असेल तर फोन मागे सरकवून व्हिडिओ काढायला सांगा. तो थांबवत थांबवत निवांत वाचता येतो. टीव्ही आणि भिंत यांच्यामध्ये किती बोटं जागा आहे तेही विचारून ठेवा, पुढे लागणार आहे.

फोटोत आधी एचडीएमआय शोधायचं. चपटी, खालचे दोन कोपरे तिरके कापलेली खाच, आणि शेजारी बहुतेक वेळा नाव छापलेलं असतं. ती दिसली की अर्धी काळजी मिटली. टीव्ही कितीही 'साधा' असला तरी चालेल, कारण इंटरनेट टीव्हीला द्यायचंच नाही. ते खाचेत लावलेल्या स्टिकला (वायफाय पकडून यूट्यूब, नेटफ्लिक्ससारखी ॲप चालवणारी छोटी कांडी) किंवा तसंच काम करणाऱ्या बॉक्सला द्यायचं आणि टीव्हीने फक्त चित्र दाखवायचं. एचडीएमआयच्या खाचा किती आहेत आणि त्यातली मोकळी कुठली, तेही बघा. खाच एकच असेल आणि तिच्यात डिशचा सेट-टॉप बॉक्स बसलेला असेल तर एचडीएमआय स्विच घ्या. इथे दुकानदार हटकून स्प्लिटर हातात ठेवतो. स्प्लिटर एका बॉक्सचं चित्र दोन टीव्हींवर नेतो. आपल्याला उलटं हवंय: बॉक्स दोन, टीव्ही एक. घेताना पाकिटावर वाचूनच घ्या. सेट-टॉप बॉक्स जुना, एसडी (म्हणजे एचडी नसलेला) असेल तर स्विचवरही पैसे घालवू नका. तो पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीवर हलवा आणि एचडीएमआय मोकळं करा. एसडी चित्र तसंही त्याहून चांगलं दिसणार नाही.

फोटोत फक्त पिवळी-लाल-पांढरी भोकं आणि मागे भलंमोठं कुबड दिसलं, म्हणजे तो काचेच्या नळीचा डबा टीव्ही आहे. त्यासाठी एचडीएमआय ते एव्ही (म्हणजे हीच तीन रंगांची भोकं) असा कन्व्हर्टर मिळतो, पण मी त्या वाटेला जाऊ नका असंच म्हणेन. चौकोनी पडद्यावर रुंद चित्र वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन येतं, ॲपमधली बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि कॉपीविरोधी कुलूप, म्हणजे एचडीसीपी, पुढे जात नाही म्हणून काही ॲप चित्र द्यायलाच नकार देतात. तरीही घेणार असाल तर दिशा तपासा. एव्ही ते एचडीएमआय ही वेगळी डबी असते आणि दोन्ही दिसायला सारख्याच.

आता यूएसबीच्या खाचेबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. "टीव्हीला यूएसबी आहे ना, मग वायफायचा डोंगल लावू," हा विचार दहांपैकी नऊ जणांच्या डोक्यात येतो. साध्या टीव्हीची यूएसबी पेन ड्राइव्हवरचे फोटो, गाणी आणि सिनेमे दाखवण्यापुरती असते. डोंगल चालवायला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे त्याला ओळखणारं सॉफ्टवेअर, टीव्हीत नसतो आणि तो बाहेरून घालताही येत नाही. कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त डोंगल तिथे नुसता बसून राहतो. 2010 च्या आसपास काही कंपन्यांनी 'इंटरनेट रेडी' टीव्ही काढले होते. त्यांना डोंगल चालायचा, पण त्याच कंपनीचा आणि ठरावीक मॉडेलचाच: एलजीचा एएन-डब्ल्यूएफ100, सोनीचा यूडब्ल्यूए-बीआर100, सॅमसंगचा डब्ल्यूआयएस12एबीजीएनएक्स. जुन्या मालाच्या बाजारात हे आजही कुणीतरी विकत असतं, आणि किंमत ऐकलीत तर तेवढ्यात नवी स्टिक येईल.

फोटोत लॅनची (वायरीने इंटरनेट घ्यायची) खाच दिसली, म्हणजे जुन्या लँडलाइनच्या पिनेसारखी पण थोडी रुंद, तर मोह होतो की राउटरपासून वायर ओढली की झालं. वायरीने इंटरनेट येईल हे खरं, पण त्या टीव्हीतली ॲप जिवंत आहेत का ते आधी बघा. 2012 आणि त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचं यूट्यूब 2015 मध्ये बंद पडलं, कारण ते ज्या जुन्या पद्धतीने सर्व्हरशी बोलत होतं ती यूट्यूबने मोडीत काढली. सॅमसंगच्या 2010 आणि 2011 च्या काही टीव्हींवरचं नेटफ्लिक्स 1 डिसेंबर 2019 पासून गेलं. अशा टीव्हीला लॅन जोडून हाती काही लागत नाही, स्टिकच घ्यावी लागते. म्हणून भिंतीला भोक पाडायच्या आधी छोट्या वायरीने किंवा राउटर तात्पुरता टीव्हीजवळ आणून एकदा चालवून बघायचं. कनेक्शन आलं तरी ॲप 'सुरक्षित जोडणी नाही' असं काही म्हणत असेल तर टीव्हीतली तारीख बघा. बरेच दिवस बंद असलेला टीव्ही तारखेत काही वर्षं मागे गेलेला असतो, आणि तेवढ्यानेही सगळं अडतं.

ॲप चालत असतील तर मात्र वायरीसारखं सुख नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही. तिथे माजघरातला राउटर आणि पडवीतला टीव्ही यांची गाठ घालायला कॅट 5ई किंवा कॅट 6 ची वायर उत्तम. नियमाने ती शंभर मीटरपर्यंत जाते, घरात एवढी लागतच नाही. आतली तार पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते आणि लवकर तुटते. विजेच्या वायरींच्या पट्टीतूनच ती नेऊ नका. आणि प्लग बसवून आणलेली वायर भिंतीतून न्यायची तर भोक फार मोठं पाडावं लागतं. म्हणून सुटी वायर आधी भोकातून ओवायची आणि प्लग मग क्रिम्पिंगच्या पकडीने बसवायचे. पकड केबलवाल्याकडे असते, त्याला आधी फोन करून ठेवा. चतुर्थीच्या दिवसांत तो शोधून सापडत नाही. वायर ओढणं शक्यच नसेल तर एक छोटा राउटर 'क्लायंट' मोडमध्ये लावता येतो. तो घरातलं वायफाय पकडतो आणि टीव्हीला लॅनमधून देतो. कंपनीच्या दुर्मीळ डोंगलपेक्षा हा स्वस्त आणि भरवशाचा.

बाकीच्या बहुतेक घरांसाठी स्टिकच. पण ती विकत घ्यायच्या आधी ब्रॉडबँडवाल्याला विचारा, कारण जिओ आणि एअरटेल काही प्लॅनसोबत स्वतःचा अँड्रॉइड बॉक्स देतात, आणि आता काही ठिकाणी गावचा केबलवालाही देतो. घ्यायचीच तर नाव असलेल्या कंपनीची घ्या. 'सगळे चॅनल फुकट' म्हणून विकले जाणारे बिननावाचे अँड्रॉइड बॉक्स घरात आणू नका. एक तर त्यांना मोठ्या ॲपची मान्यता नसते, त्यामुळे चित्र 480 रेषांवर, म्हणजे एचडीपेक्षा धूसर, अडकतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे: असे काही बॉक्स कारखान्यातूनच व्हायरस घेऊन येतात आणि घरच्या इंटरनेटचा वापर भलत्याच कामांसाठी होतो. बॅडबॉक्स 2.0 नावाच्या अशा जाळ्याबद्दल अमेरिकेच्या एफबीआयने जून 2025 मध्ये जाहीर इशारा दिला होता. टीव्ही 'एचडी रेडी' किंवा फुल एचडी असेल तर फोरके (फुल एचडीहून जास्त रेषांच्या) स्टिकचे जास्तीचे पैसे निव्वळ चित्रासाठी देऊ नका. पडदा आपल्या रेषांपलीकडे काही दाखवणार नाही.

स्टिक साधारण बोटभर लांब असते आणि खाचेतून सरळ बाहेर येते. टीव्ही भिंतीला टेकलेला असेल तर ती मावत नाही. बोटं मोजून घ्यायला सांगितली ती यासाठी. सोबत छोटी एचडीएमआय एक्स्टेन्शन वायर मिळते का ते बघा, नसेल तर वेगळी घ्या.

विजेकडे कुणी लक्ष देत नाही, आणि "स्टिक खराब निघाली" अशा निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. स्टिकला साधारण 5 व्होल्ट, 1 अँपियर लागतात. जुन्या टीव्हीची यूएसबी 2.0 खाच नियमाने अर्धा अँपियर देते. मग स्टिक चालू होते, लोगो येतो, परत बंद होते, परत लोगो. म्हणून स्टिकसोबत आलेला ॲडाप्टर भिंतीच्या पॉइंटलाच लावा. म्हणजे टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि स्टिक असे तीन पॉइंट झाले, आणि गावी टीव्हीमागे असतो एकच. स्पाइक गार्डवाला एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाका. त्याची वायर हवी त्यापेक्षा हातभर लांब असू दे. घरी इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर राउटरही त्यावर आहे का ते विचारा. नाहीतर लाईट गेल्यावर टीव्ही चालू आणि इंटरनेट बंद, अशी गंमत होते.

आता मूळ प्रश्न, इंटरनेट आहे का. "नेटवर्क आहे" या उत्तरावर जाऊ नका, ते अंगणातल्या एखाद्या कोपऱ्यातलं असू शकतं. जिथे टीव्ही आहे तिथेच उभं राहून, वायफायवर, फोनमध्ये फास्ट डॉट कॉम ही इंटरनेटचा वेग मोजणारी साइट उघडायला सांगा. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे 720 रेषांना 3 एमबीपीएस, फुल एचडीला 5 आणि फोरकेला 15 पुरतात. संध्याकाळी सगळं गाव सीरियल बघत असताना मोजलेला आकडा खरा धरा. आकडा कमी आला तर राउटरच्या 2.4 गिगाहर्ट्‌झवर जोडून बघा, भिंती ओलांडायला ते 5 गिगाहर्ट्‌झपेक्षा बरं. रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे देणारी डबी, घेणार असाल तर तो टीव्हीशेजारी लावू नका. त्याला स्वतःलाच जिथे चांगलं वायफाय मिळतं अशा अध्येमध्ये लावा. राउटरची जागाच हलवायची असेल तर ते काम केबलवाल्याचं. पिवळी बारीक फायबर आपल्या हाताने दुमडली की चतुर्थीभर घर इंटरनेटशिवाय.

ब्रॉडबँड नसेल आणि फोनच्या हॉटस्पॉटवर भागवायचं असेल तर हिशेब आधी करा. नेटफ्लिक्सवर एचडी चित्राला तासाला सुमारे 3 जीबी जातात. रोज दीड जीबीचा पॅक अर्ध्या तासात संपतो, सीरियल मध्यावर असताना. ॲपमध्ये जाऊन डेटा कमी करण्याची सेटिंग लावता येते. पण खरी अडचण वेगळी आहे: हॉटस्पॉट दादाच्या फोनवर असतो आणि दादा बाजारात गेला की टीव्हीही त्याच्यासोबत जातो. त्यापेक्षा सिमवर चालणारा वेगळा वायफाय डोंगल घरात ठेवा. 5जी येत असेल तर एअरफायबरची, म्हणजे वायरीशिवाय 5जीवरून येणाऱ्या घरच्या इंटरनेटची, चौकशी करा. जिओने ते 2023 च्या गणेश चतुर्थीलाच सुरू केलं, तेव्हा फक्त आठ मोठ्या शहरांत. आता आपल्या वाडीचा पिनकोड टाकून बघायला हरकत नाही.

हे सगळं जमलं की स्टिक पॅक करून बॅगेत टाकायची नाही. ती आधी स्वतःच्या घरी, स्वतःच्या टीव्हीवर लावायची. पहिल्या वेळी तिची अपडेट उतरायला बराच डेटा आणि वेळ जातो, तो गावच्या इंटरनेटवर घालवू नका. अकाउंट काढा, ॲप टाका, लॉगिन करा, खरेदीला पिन लावा. ओटीपी कोणाच्या फोनवर येणार ते ठरवा. बाबांच्या नंबरवर येणार असेल तर ते फोनवर आकडे सांगतील अशी वेळ साधून हे काम करा. आणि एक युक्ती: गावच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड मागवून घ्या आणि आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला तंतोतंत तेच द्या, इंग्रजी अक्षर लहान-मोठंसुद्धा तसंच. स्टिक त्यावर एकदा जोडली की गावी गेल्यावर ती आपोआप ओळख दाखवते. पहाटे एसटीतून उतरून रिमोटने एकेक अक्षर टाइप करत बसावं लागत नाही.

बॅगेत आणखी: रिमोटचे ट्रिपल ए सेल, वायरी बांधायला झिप टाय, एक बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि जाड मार्कर. मार्कर यासाठी की टीव्ही लागला तरी आईला सगळ्यात मोठा प्रश्न पडतो तो "आता पहिलं कसं आणायचं?" हा. म्हणजे डिशवरून स्टिकवर आणि परत. रिमोटवरच्या 'सोर्स' बटणाशेजारी कागद चिकटवा आणि मराठीत लिहा: एचडीएमआय 1 डिश, एचडीएमआय 2 यूट्यूब. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक असं काही दिसलं तर ते चालू करा. मग स्टिकच्या रिमोटचं बटण दाबलं की टीव्ही बहुधा आपणच त्या खाचेवर जातो. आणि यूट्यूबवर आरती किंवा भजन शोधायचं असेल तर टीव्हीवर टाइप न करता आपल्या फोनमध्ये शोधून कास्टचं (फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं) चिन्ह दाबायचं, हे आईला दोनदा करून दाखवा. फोन आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत, एवढीच अट.

निघताना घरच्यांना सांगायचं ते विजेचं. परतीचा पाऊस कडाडायला लागला की टीव्ही, स्टिक आणि राउटर यांचे प्लग बोर्डातून काढायचे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लॅनची वायर ओढली असेल तर तीही दोन्ही टोकांनी काढायची, कारण विजेचा झटका तिच्यातूनही येतो. फायबरची पिवळी वायर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. ती तशीच राहू द्यायची.