मध्ययुगीन राजाची वंशावळ कशी मांडावी: देवगिरीच्या यादवांच्या उदाहरणाने

वंशावळ करायला बसलं की आधी मोह होतो तो राजांची नावं एकाखाली एक लिहून मधे रेघा ओढायचा. घोळ तिथेच होतो, कारण गादीचा क्रम वेगळा आणि रक्ताचं नातं वेगळं. सिंघणामागून गादीवर आलेला कृष्ण त्याचा नातू. मधला जैतुगी बापाच्या हयातीतच वारला. कृष्णानंतर त्याचा भाऊ महादेव, मग महादेवाचा मुलगा आमण, आणि आमणाला हटवून कृष्णाचा मुलगा रामचंद्र. म्हणजे गादीवर पाच जण, पिढ्या मात्र चार, आणि त्यातली जैतुगीची पिढी राजांच्या यादीत नाहीच.

म्हणून आधी प्रत्येक कोरीव लेखाचं (शिलालेख असो वा ताम्रपट) वेगळं टिपण करा: गाव, शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं वर्षाचं नाव), महिना, राजाचं नाव जसं कोरलंय तसंच, नातं सांगणारा शब्द, बिरुदं. कृष्ण कन्नर किंवा कन्हर म्हणूनही येतो, जैतुगी जैत्रपाल म्हणून. नावं ‘शुद्ध’ करण्याची घाई केली की एकाच माणसाचे दोन राजे होतात किंवा दोन सिंघण एक होऊन बसतात.

आता काळ. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं; पण लेख पौषाच्या उत्तरार्धातला, माघ-फाल्गुनातला असेल तर ७९. पडताळा संवत्सराने घ्यायचा: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी हा संवत्सराचा क्रमांक. रामचंद्राच्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटाचा शक १२३२. बेरीज १२४४, बाकी ४४, म्हणजे साधारण. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. लेखातलं नाव हिशेबाच्या एक घर मागे असेल, तर बहुधा संपलेल्या वर्षांऐवजी चालू वर्ष मोजलेलं असतं. शकातून एक वजा करा. उत्तर हिंदुस्थानातल्या लेखांना हा हिशेब लावू नका.

नात्याचे शब्द काटेकोर वाचा. ‘तत्पुत्र’, ‘आत्मज’ म्हणजे मुलगा, ‘अनुज’ म्हणजे धाकटा भाऊ. ‘पादानुध्यात’ (अमक्याच्या पायांचं ध्यान करणारा) दिसला की मुलगा धरायची सवय सोडा. तो वारस असू शकतो, नुसता मांडलिकही. बिरुदांवरून तर नातं काढूच नये.

सगळ्यात जपून वापरायच्या त्या प्रशस्ती, म्हणजे राजाची स्तुती करणारी वर्णनं. हेमाद्रीच्या ‘व्रतखंड’ या ग्रंथातली राजप्रशस्ती यादवांच्या वंशावळीसाठी टाळताच येत नाही, पण तो महादेवाच्या पदरचा अधिकारी. पुरुषोत्तमपुरी ताम्रपट रामचंद्राचा स्वतःचा, त्यामुळे आमणाकडून गादी घेतल्याची हकीकत तिथे पराक्रम म्हणून येते. अशा मजकुरातून नाव आणि नातं घ्या, न्याय-अन्याय घेऊ नका. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथातला उल्लेख उलट फार कामाचा: शके १२१२ मध्ये रामचंद्र गादीवर होता एवढंच तो सांगतो, पण ते दरबाराबाहेरून.

आणखी एक. सापडलेला पहिला लेख म्हणजे राज्यारोहण नव्हे. ‘या सालाच्या आत किंवा आधी’ असंच लिहा.

राण्या आणि मुली वंशावळीच्या श्लोकांत फारशा भेटत नाहीत. देवळांचे दानलेख चाळा. रामचंद्राच्या मुलीचा अल्लाउद्दीनाशी विवाह झाल्याचं फारसी तवारिखांतून, म्हणजे इतिहासग्रंथांतून, कळतं. असं एकाच बाजूच्या साधनावर उभं असलेलं नातं तुटक रेघेने दाखवा आणि रेघेवरच साधनाचं नाव लिहा.