जुन्या स्टीलच्या सायकलला नवी चाकं
आधी पट्टी घ्या. माझ्या ऐंशीच्या दशकातल्या प्यूजो सायकलीत मागच्या चाकाला 126 मिमी जागा, नव्या हबला (चाकाच्या मधल्या तुंब्याला) हवी 130. फ्रेम स्टीलची, त्यामुळे दोन्ही बाजू हाताने जराशा फाकवल्या की चाक बसतं. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग चुकूनही नको.

27 इंची चाकाऐवजी 700सी, म्हणजे जरा लहान मापाचं चाक, घातलं की रिम 4 मिमी आत जाते. ब्रेकची रबरं तेवढी खाली घ्या. पोचत नसतील तर लांब हातांचे ब्रेक लावा. मी आळस केला, रबर टायरला घासत राहिलं आणि महिन्याभरात टायरची कड सोलली.

राहिलं रूप. मित्र म्हणतो, काळी रिम म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट शूज. इतकंही नाही हो! पण मी चंदेरीच घेतली.