डोंगरवाटांसाठी सपाट पेडल निवडताना

नवी माउंटन बाईक घेतली की तिच्यासोबत बहुधा प्लास्टिकची, बारीक दातेरी कडांची पेडलची जोडी लावून मिळते आणि ती वर्षानुवर्षे कोणी बदलत नाही. डांबरी रस्त्यावर त्याने काही बिघडतही नाही. मात्र टेकडीवरचा घसारा उतरताना चालक सीटवरून उठून दोन्ही पेडलवर उभा असतो आणि शरीराचा जवळजवळ सगळा भार तळव्यांवर आलेला असतो. अशा वेळी एखाद्या धोंड्यावरून चाक उडाले आणि पाय सटकला, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी ते उपयोगी पडत नाहीत. म्हणून सायकलवर पुढचा खर्च करायचा झाल्यास तो आधी पेडलवर आणि बुटांवर करावा, असे माझे ठाम मत आहे.

सपाट पेडल म्हणजे ज्यात बूट अडकवण्याची खाच किंवा स्प्रिंग नसते आणि रुंद पृष्ठभागावर उभ्या केलेल्या धातूच्या पिनाच तळव्याला धरून ठेवतात, असे पेडल. बूट अडकवणाऱ्या पेडलचे फायदे आहेतच. परंतु आपल्याकडच्या पायवाटांवर जागोजागी पाय टेकवावा लागतो, सायकल उचलून घ्यावी लागते, आणि चिखलाने भरलेली क्लीट (बुटाच्या तळाला बसवलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) ऐन वेळी अडकत नाही. सपाट पेडल हे केवळ नवशिक्यांचे साधन आहे, हा समज तर निखालस चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिल यांनी 2017, 2018 आणि 2019 अशी सलग तीन वर्षे एंड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाईकच्या आंतरराष्ट्रीय शर्यतमालिकेचे विजेतेपद सपाट पेडलवरच मिळवले.

निवडीची सुरुवात पेडलपासून न करता बुटापासून करावी. पिना तळव्यात रुततात, तेव्हा पकड निर्माण होते. त्यामुळे तळव्याचे रबर कसे आहे यावर अर्धे काम अवलंबून असते. धावण्याच्या बुटांचा तळ फोमचा आणि लवचिक असल्याने पाय पेडलच्या कडांवरून वाकतो आणि तासाभराने तळवे दुखू लागतात. ट्रेकिंगच्या बुटांच्या तळाला खोल नक्षी असते. पिना त्या खाचांत जाऊन बसतात, आणि मग पाय पिनांना हवा तिथेच राहतो, आपल्याला हवा तिथे सरकवता येत नाही. सपाट तळ, मऊ रबर आणि वर थोडा ताठपणा असलेला बूट सर्वांत योग्य. फाइव्ह टेनसारख्या सायकलिंगसाठीच बनवलेल्या बुटांची ख्याती या मऊ रबरामुळेच आहे. ते परवडत नसतील तर सपाट तळाच्या साध्या कॅनव्हास बुटांनीही सुरुवात करता येते. साधारण पेडल आणि चांगला बूट ही जोडी महागडे पेडल आणि निसरडा बूट या जोडीपेक्षा केव्हाही सरस ठरते.

यानंतर माप. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चांगल्या सपाट पेडलची लांबी-रुंदी 100 ते 115 मिलिमीटरच्या आसपास असते. घरी एक सोपी चाचणी करता येते. कागदावर बुटाचा बाह्याकार आखून घ्यावा आणि विचाराधीन पेडलच्या मापाचा चौकोन दुसऱ्या कागदातून कापून तो चवड्याच्या सर्वांत रुंद भागाच्या किंचित मागे ठेवून पाहावा. उतारावर पाय ठेवण्याची जागा तीच असते. टाच खाली दाबता येते आणि पोटरीवर ताण कमी येतो. बुटाची बाहेरची कड चौकोनाच्या बरीच बाहेर जात असेल, तर ते पेडल आपल्यासाठी लहान आहे. क्रँकब्रदर्स या कंपनीने आपले स्टॅम्प हे पेडल दोन आकारांत काढले ते याच विचाराने: युरोपीय मापाच्या 37 ते 43 क्रमांकाच्या बुटांसाठी लहान आणि 43 ते 49 साठी मोठे. लहान पावलांच्या चालकांनी सर्वांत मोठे पेडल घेण्याचा मोह टाळावा, कारण वळणावर सायकल कलली की रुंद पेडलची बाहेरची कड आधी दगडाला लागते.

आता पिना आणि पृष्ठभागाचा आकार. हा भाग सर्वाधिक दुर्लक्षिला जातो आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक असतो. पेडल बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर धरून पाहावे. काही पेडल मध्यभागी फुगीर असतात, कारण आस आणि बेअरिंग यांना तिथे जागा द्यावी लागते. काही सपाट असतात. आणि काही मध्यभागी एक-दोन मिलिमीटर खोलगट असतात. खोलगट पेडलवर तळवा थोडा आत बसतो आणि पुढच्या व मागच्या कडांवरील पिना त्याला दोन्हीकडून धरतात. फुगीर पेडलवर पाऊल मधल्या उंचवट्यावर डोलते आणि कडांच्या पिना नुसत्या शोभेच्या राहतात. पिनांची संख्या मोजत बसण्यापेक्षा त्या कुठे आहेत हे पाहावे: पुढच्या आणि मागच्या कडेला उंच पिना असल्या तर एका बाजूला आठ-दहा पुरेशा होतात.

पिना कशा बसवल्या आहेत, हेही उलटून पाहावे. काही पेडलमध्ये पिन वरून फिरवून बसवतात आणि तिची षटकोनी खाच वरच्याच टोकाला असते. अशी पिन दगडावर आपटली की खाच चेपते, तिच्यात माती घट्ट बसते आणि ॲलन की (षटकोनी चावी) आत शिरतच नाही. ज्या पेडलमध्ये पिन मागच्या बाजूने घातलेली असते, तिथे वरचे टोक कितीही झिजले तरी मागून ती सहज काढता येते. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पिना तुटणार हे गृहीतच धरावे लागते, त्यामुळे मी मागून बसणाऱ्या पिनांचेच पेडल घेतो.

पकड जितकी जास्त तितकी चांगली, असे मात्र नाही. एका पावसाळ्यात ओल्या उतारावर माझा उजवा पाय उडाला, पेडल गर्रकन फिरले आणि नडगीवर एका ओळीत चार खोल छिद्रे पडली. दोष पिनांचा नव्हता. त्या दिवशी मी जुने, तळ गुळगुळीत झालेले बूट घालून गेलो होतो. परंतु नव्या, अणकुचीदार पिना काय करू शकतात, हे त्या दिवशी कळले. सुरुवातीला मध्यम उंचीच्या पिना ठेवाव्यात, काही जोड्यांसोबत येणाऱ्या वॉशरने त्यांची उंची कमी करावी आणि नडगीला गार्ड लावावेत. रबर मऊ असेल तर आखूड पिनाही पुरतात. उंच आणि टोकदार पिनांची गरज कडक तळाच्या बुटांनाच अधिक भासते.

जाडीबद्दल जाहिरातींत बरेच काही सांगितले जाते. हिशेब साधा आहे. 18 मिलिमीटरऐवजी 12 मिलिमीटर जाडीचे पेडल घेतले, तर आसाच्या खाली वाचणारी जागा तीनच मिलिमीटर असते आणि पाऊलही तीन मिलिमीटर खाली येते. खडकाळ चढावर पेडल आपटण्याचे प्रमाण त्याने थोडे कमी होते, इतकेच. सीटची उंची मात्र तेवढी कमी करून घ्यावी. अतिशय पातळ पेडलमध्ये कधीकधी क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या) बाजूला बेअरिंगचा जाड फुगवटा ठेवलेला असतो. त्यावर बुटाची आतली कड चढत असेल तर पातळपणाचा लाभ नाहीसा होतो.

साहित्यात मुख्य निवड नायलॉन आणि ॲल्युमिनियम यांच्यात असते. चांगले नायलॉनचे पेडल चांगल्या ॲल्युमिनियमच्या पेडलपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते, वजनात फारसा फरक नसतो, आणि दगडावर घासले तर ते धातूसारखे न अडकता बहुधा सरकून जाते. ॲल्युमिनियम अधिक ताठ असते आणि पिनांचे आटे त्यात जास्त काळ टिकतात. पहिल्या जोडीसाठी मी नायलॉनच सुचवीन, मात्र त्यात बदलता येणाऱ्या धातूच्या पिना असल्याच पाहिजेत. प्लास्टिकमध्येच ओतलेल्या पिना झिजल्या की पूर्ण पेडल निकामी होते.

बेअरिंगकडे आपण पावसाच्या दृष्टीने पाहायला हवे. दुकानात पेडल बोटाने फिरवून ते किती वेळ फिरते यावरून त्याची गुणवत्ता ठरवण्याची पद्धत दिसते. ती दिशाभूल करणारी आहे. थोडे जड फिरणारे पेडल म्हणजे बहुधा घट्ट सील आणि भरपूर ग्रीस, आणि असे पेडल पाय उचलल्यावर जिथे सोडले तिथेच राहते, त्यामुळे पाय परत ठेवताना शोधावे लागत नाही. पाहायचे ते हे: आस धरून पेडल वर-खाली हलवल्यास खडखड जाणवू नये, क्रँककडील बाजूला रबरी सील असावे, आणि बाहेरच्या टोकाची टोपी काढून आतला नट खोलता यावा, म्हणजे आस बाहेर काढून साफ करता येते. सुटे बुश, बेअरिंग आणि सील मिळतात का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. डीएमआर कंपनीच्या व्ही 8 या पेडलला ग्रीस भरण्यासाठी वेगळे छिद्र दिलेले आहे. पावसाळ्यात चिखलातून जाणाऱ्यांना अशी सोय फार उपयोगी पडते. सायकल धुताना पाण्याचा जोरदार फवारा आसाच्या दिशेने मारू नये, कारण पाणी आत शिरते आणि ग्रीस धुऊन निघते.

बसवताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मोठ्यांच्या माउंटन बाईकच्या क्रँकला सहसा 9/16 इंचाचे आटे असतात. मुलांच्या एकसंध क्रँकच्या सायकलींना अर्ध्या इंचाचे असू शकतात, तेव्हा मुलासाठी पेडल घेताना हे तपासावे. आसावर आर आणि एल अशी अक्षरे कोरलेली असतात. आट्यांना ग्रीस लावून पेडल आधी हातानेच फिरवावे. दोन-तीन फेरे सहज बसले नाहीत तर ते तिरके जात आहे. पान्याने जोर लावला तर क्रँकचेच आटे जातील. हाताने पूर्ण बसल्यावर 15 मिलिमीटरच्या पान्याने, किंवा मागून 6 अथवा 8 मिलिमीटरच्या ॲलन कीने घट्ट करावे. दिशा लक्षात राहत नसेल तर पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवावा. दोन्ही बाजूंना पेडल तसेच घट्ट होते.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पेडल आणि पिना पुन्हा आवळून पाहाव्यात. सैल पिनेला आवळताना आट्यांवर मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो, आणि सीटखालच्या पिशवीत त्या पिनांच्या मापाची ॲलन की व चार-पाच सुट्या पिना ठेवाव्यात.