अस्थिर देशांतल्या प्राथमिक आरोग्य सेवेचा खर्च काढताय? या चुका टाळा

पुण्यात बसून दक्षिण सुदान, सोमालिया किंवा अफगाणिस्तानातल्या दवाखान्यांचं कॉस्टिंग करणारी मुलं-मुली आता बरीच आहेत. कुणी पब्लिक हेल्थ शिकतंय, कुणी एखाद्या संस्थेसाठी घरून काम करतंय. त्यांच्या एक्सेल शीट माझ्याकडे तपासायला येतात. बेरजा बहुतेक वेळा बरोबर असतात. चुका असतात त्या बेरजेच्या आधी, गृहीतकांत. आणि अंदाज कमी निघाला तर त्याचा फटका राजधानीतल्या कार्यालयाला बसत नाही. रस्ता संपतो तिथल्या उपकेंद्रातली औषधं आधी संपतात, तिथल्या नर्सचा पगार आधी थकतो. म्हणून या कामात मी किरकिऱ्या आहे आणि तुम्हीही व्हावं असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या देशाचा दरडोई आकडा उचलणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. अफगाणिस्तानात २००३ साली मूलभूत आरोग्य सेवांचं पॅकेज, म्हणजे कुठल्या सेवा द्यायच्या त्याची यादी, ठरलं आणि ते चालवायला स्वयंसेवी संस्थांना कंत्राटं दिली गेली. त्या सुरुवातीच्या कंत्राटांचा दर माणशी वर्षाला साधारण साडेचार डॉलर होता. हा आकडा नंतर भलत्याच देशांच्या शीटमध्ये जाऊन बसलेला मी पाहिला आहे. पण कंत्राटाचा दर म्हणजे दात्याने (मदतीचा पैसा देणाऱ्याने) संस्थेला मोजलेले पैसे. सेवा द्यायला खरोखर काय लागतं, ते वेगळं. त्याच अफगाणिस्तानात एकूण आरोग्यखर्चातला ७० टक्क्यांहून मोठा वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. तो साडेचारमध्ये कुठेच नाही.

‘मूलभूत पॅकेज’ हे नाव सारखं असलं तरी आतला माल सारखा नसतो. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालात गरीब देशांसाठी किमान पॅकेज दरडोई १२ डॉलरचं होतं. २००१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने ३४ डॉलर सांगितले. महागाई हे त्याचं एक छोटं कारण. यादीत काय धरलं, एचआयव्हीचे उपचार आहेत का, व्यवस्था उभी करायचा खर्च आहे का, यावर आकडा फिरतो. कुठलाही दरडोई आकडा हाती आला की आधी तीन गोष्टी विचारा: यादीत काय आहे, कुठल्या सालचे डॉलर आहेत, आणि हे पैसे खर्च झाले होते की लागणार होते?

भागाकाराच्या खालचा आकडा

दरडोई म्हटलं की डोकी मोजावी लागतात, आणि या देशांत नेमकं तेच अवघड. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ ची. अफगाणिस्तानात १९७९ ची, तीही अर्धवट राहिलेली. दक्षिण सुदानची २००८ ची, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्या आधीची. त्यानंतर किती लोक घरं सोडून गेले, किती परतले? आपल्याकडे पुणे महापालिकेच्या हद्दीत २०२१ मध्ये एका फटक्यात २३ गावं आली आणि कालपर्यंतची सगळी दरडोई कोष्टकं जुनी झाली. युद्धाच्या भागात हे एका पावसाळ्यातही होतं.

उपाय साधा आहे. लोकसंख्येचा एकच आकडा घेऊ नका. लसीकरण मोहिमेत मोजलेली मुलं, धान्यवाटपाच्या याद्या आणि जुन्या जनगणनेवरून पुढे आणलेला आकडा, असे तिन्ही शेजारी-शेजारी मांडा आणि तिन्हींवर हिशोब करा. दरडोई खर्चात दुपटीचा फरक पडला तर तो लपवू नका, अहवालात लिहा.

भेटीमागे खर्च कमी झाला म्हणून खूश होणं

इथे जरा थांबतो, कारण या जागी हुशार माणसंही घसरतात. समजा, एक केंद्र ८,००० लोकांसाठी आहे. पगार, भाडं, इंधन, देखरेख असा स्थिर खर्च वर्षाला ४०,००० डॉलर. औषधं आणि तपासण्यांना रुग्णाच्या प्रत्येक भेटीमागे दीड डॉलर. लोक वर्षाला माणशी अर्धीच भेट देतात, म्हणजे एकूण ४,००० भेटी. एका भेटीचा खर्च पडला साडेअकरा डॉलर, दरडोई ५.७५.

आता सेवा सुधारली, औषधं मिळायला लागली, नर्स रोज दिसायला लागली. माणशी दोन भेटी झाल्या, एकूण १६,०००. भेटीचा खर्च आला चार डॉलरवर. शीट बनवणारा लिहितो, ‘कार्यक्षमता वाढली, खर्च ६५ टक्क्यांनी घटला.’ पण दरडोई खर्च आता आठ डॉलर झाला आहे! पैसे जास्त लागणार आहेत आणि लागायलाच हवेत, कारण आजारी माणूस आता दवाखान्यात येतोय.

हिशोब इथेही संपत नाही. १६,००० भेटी आणि वर्षाचे कामाचे ३०० दिवस, म्हणजे रोज ५३ रुग्ण. एका तपासणाऱ्याने दिवसाला ५० च्या वर रुग्ण पाहू नयेत असा संकेत आहे. मग दुसरा माणूस लागणार. त्याचे वर्षाचे ६,००० धरले की दरडोई खर्च ८.७५ वर जातो. ‘स्थिर’ खर्च हा असा पायरी-पायरीने चढतो. आजच्या कमी वापरावर बेतलेलं बजेट मंजूर करून घेतलं, तर केंद्र चांगलं चालायला लागलं की त्याच दिवसापासून पैसे कमी पडतात. म्हणून आज आहे तो वापर आणि गरजेप्रमाणे व्हायला हवा तो वापर, या दोन्हींवर खर्च काढा.

व्हायल भागिले दहा

एका विद्यार्थिनीने गोवर लसीचा खर्च काढताना व्हायलच्या, म्हणजे लसीच्या कुपीच्या, किमतीला दहाने भागलं होतं. व्हायल दहा डोसची, गणित सरळ. मी तिला लसीकरणाच्या दिवशी वेल्हे तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर घेऊन गेलो. सिस्टरनी व्हायलमध्ये द्रावण मिसळलं आणि लेबलवर पेनने वेळ लिहिली, दहा वाजून चाळीस मिनिटं. चार तासांनंतर ती लस वापरायची नसते. वाड्या लांबलांब, त्यात पाऊस. चार मुलं आली. ‘चारच आली म्हणून फोडायची नाही का? एक आलं तरी फोडते मी,’ सिस्टर म्हणाल्या. उरलेले सहा डोस गेले. म्हणजे मुलामागे लसीचा खर्च शीटमधल्याच्या अडीचपट, आणि तरी सिस्टरनी केलं तेच योग्य होतं.

वस्ती जितकी विरळ, तितकी वाया जाणारी लस जास्त. ती हिशोबात धरली नाही, तर पुढे कुणीतरी नर्सला सांगतं की दहा मुलं जमल्याशिवाय व्हायल उघडू नका, आणि गोवर पसरतो.

हडपसरला सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली आफ्रिकेसाठीची मेंदूज्वराची लस २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिली गेली. डोसची किंमत ५० सेंटच्या आत होती. कारखान्याच्या दाराशी ती किंमत खरी. दंडापर्यंत पोहोचेस्तोवर त्यात बर्फ, पेट्या, रॉकेल, मोटारसायकल आणि माणसांचे दिवस मिळत जातात. ही लस ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस टिकते, असं २०१२ मध्ये मान्य झालं, तेव्हा त्यातला बर्फाचा मोठा खर्च वाचला. किंमत तीच, पोहोचवण्याचा खर्च वेगळा. या दोन्ही ओळी शीटमध्ये कायम वेगळ्या ठेवा.

वाहतूक टक्क्यांत धरणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका संस्थेच्या अंदाजात औषधांच्या किमतीवर सरसकट १५ टक्के वाहतूक धरलेली होती आणि मी ती मान्य केली. तो भाग दक्षिण सुदानमधला होता. तिथे पावसाळ्यात रस्त्यांचा चिखल होतो, महिनोन्महिने ट्रक जात नाहीत. माल कोरड्या ऋतूतच नेऊन साठवावा लागतो, नाहीतर विमानाने पाठवावा लागतो. विमान पैसे मागतं वजनाचे. सलाईनच्या एक लिटरच्या हजार बाटल्या म्हणजे एक टन! त्यांची किंमत मामुली, पण विमानाचं भाडं त्या किमतीच्या कितीतरी वर. पहिल्याच पावसाळ्यात वाहतुकीचे पैसे संपले, आणि आधी काय थांबलं असेल तर सलाईन, म्हणजे जुलाबाने सुकलेल्या लेकरांना लागणारी गोष्ट. ते मला अजून बोचतं. तेव्हापासून मी वाहतूक किलोवर आणि महिन्यावर काढतो. टक्क्यांवर कधीच नाही.

अंतराला पैसे लागतात हे आपल्या सरकारी निकषांनीही मान्य केलेलं आहे. सपाट भागात उपकेंद्र ५,००० लोकांना, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकांना. अख्ख्या देशाचा एकच दरडोई आकडा काढून तो सगळ्या जिल्ह्यांना लावला, तर सोप्या जिल्ह्यांत पैसे उरतात आणि अवघड जिल्ह्यांत केंद्रं बंद पडतात. निदान तीन गट करा: बारमाही रस्त्याचा भाग, हंगामी रस्त्याचा भाग, आणि जिथे फक्त विमान, बोट किंवा पायी जाता येतं तो भाग.

पगार, चलन आणि ‘फुकट’ माणसं

दक्षिण सुदानने डिसेंबर २०१५ मध्ये आपलं चलन, पौंड, बाजारभावावर मोकळं सोडलं आणि डॉलरला तीनच्या आसपास असलेला दर साडेअठरावर गेला. १,५०० पौंड पगाराची किंमत ५०० डॉलरवरून ८१ वर आली. डॉलरच्या शीटमध्ये पगाराचा खर्च एकदम ‘वाचलेला’ दिसतो, पण ८१ डॉलरमध्ये घर चालत नाही आणि माणूस निघून जातो. स्थानिक चलनातला आणि डॉलरमधला खर्च वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि पगारासाठी एकच प्रश्न विचारा, इतक्या पैशांत नर्स तिथे टिकेल का?

गावातल्या आरोग्यसेविकेच्या नावापुढे शून्य लिहू नका. तिचा वेळ शेतातून आणि घरातून काढलेला असतो, आपल्या आशाताईंना विचारून पाहा. अफगाणिस्तानात नर्सबाईंबरोबर घरातल्या पुरुषाला प्रवास करावा लागत असेल, तर त्याचं भाडंही खर्चात धरा. देणगीतून आलेल्या लसी आणि पोषक आहार यांचीही किंमत लिहा, मग पैसे कुणी का भरलेले असेनात. दाता गेला की ते बिल कुणाच्या तरी हातात येतंच.

सुरक्षा, रेडिओ, दुसरी गाडी यांना ओव्हरहेड (वरखर्च) म्हणून कात्री लावू नका. गाडी गेली नाही तर देखरेख होत नाही.

आकडा विचित्र आला तर

एकेका कामाला लागणाऱ्या मिनिटांवरून काढलेली नर्सची गरज प्रत्यक्षातल्या निम्मी येत असेल, तर तुम्ही फक्त तपासणीची मिनिटं मोजली आहेत. रजिस्टरं, घरभेटी, मीटिंग आणि औषधं मोजणं राहिलं आहे. एक अख्खा दिवस तिच्याबरोबर बसा. एकेक वस्तू आणि पगार मोजत खालून वर केलेली बेरीज संस्थेच्या वहीतल्या खर्चापेक्षा खूप कमी आली, तर इंधन आणि दुरुस्ती पाहा. खूप जास्त आली, तर एकच माणूस दोन कार्यक्रमांत पूर्ण पगाराने धरलेला असतो, बहुतेक वेळा लसीकरण आणि माताआरोग्य या दोन्हींत. खर्च काढायच्या तयार टूलमध्ये आधीपासून भरलेले आकडे तसेच राहिले असतील तर त्या खान्यांना रंग द्या म्हणजे डोळ्यांत भरतील.

आणि शीट पाठवण्याआधी सगळ्यात लांबच्या केंद्रावर फोन लावा. लाईन लागायला दोन दिवस लागले तरी लावा. गेल्या पावसाळ्यात शेवटची सलाईनची खोकी कधी आली, कशातून आली आणि उतरवून घ्यायला किती माणसं लागली, एवढं विचारा आणि मग वाहतुकीची ओळ पुन्हा उघडा.