लेबलचा गोंद: रबराला राळ किती घालायची?

गुळाच्या बॉक्सवरचं लेबल डिसेंबरात पहाटे गार पुठ्ठ्याला चटकन धरलं पाहिजे आणि एप्रिलात पत्र्याच्या गोदामात घसरता कामा नये. शिरोलीच्या शेडवर नवीन पोरगा आला की त्याला मी आधी एवढंच सांगतो, बोट लावून "लई चिकट झालंय" म्हणू नकोस. बोटाला टॅक (लावताक्षणी धरणं) कळतो, शिअर (वजनाखाली न घसरता तग धरणं) कळत नाही.

मिलवर (रबर मळायच्या रोलरवर) मळलेलं नैसर्गिक रबर टोल्युइनमध्ये २० टक्के विरघळवा. दुसऱ्या डब्यात रोझिन एस्टर (आमच्याकडं सगळे राळच म्हणतात), तेही २० टक्के. टक्के सारखे ठेवले की नुसत्या वजनावर काम भागतं. २०० ग्रॅम रबराच्या द्रावणाला राळेचं १२०, १६०, २०० आणि २४० ग्रॅम घातलं, की १०० भाग रबराला ६०, ८०, १०० आणि १२० भाग राळ झाली. अँटिऑक्सिडंट (हवेनं रबर खराब होऊ नये म्हणून) चारही डब्यांत १ भाग. एक्झॉस्ट चालू ठेवा, आणि बिडी ओढायची तर गेटाबाहेर.

फिल्मवर थर सारखाच ओढा, वाळून २५ मायक्रॉनच्या आसपास. थर जाड झाला तर पील (पट्टी सोलून काढायला लागणारा जोर) वाढतो आणि श्रेय राळेला जातं.

पीलसाठी २५ मिलिमीटरची पट्टी स्टीलच्या पत्र्यावर, वरून २ किलोचा रोलर. शिअरसाठी २५ बाय २५ मिलिमीटर चिकटवून १ किलो वजन टांगा, किती वेळ तग धरते ते लिहा.

राळ वाढवत गेलं की टॅक आणि पील वाढतात, शिअर साधारण उतरतो. पण एका हद्दीनंतर टॅक एकदम कोसळतो. राळ रबराला मऊ करते खरी, पण नैसर्गिक रबर ज्या उणे ७० अंशांजवळ काचेसारखं कडक होतं, ते तापमानही ती वर ओढते. हे आधी थंडीत दिसतं. म्हणून एक संच फ्रिजमध्ये गार करून गार पत्र्यावरच तपासा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथंच होतो.

थंडीतला टॅक तेल घालून परत येतो, पण शिअर जातो. लेबल काढताना पुठ्ठ्यावर गोंद राहायला लागला तर तेल कमी करा, रबर मिलवर कमी मळा. खडूची पूड फक्त भाव उतरवते, आणि टॅकही.

राळेचा नवा लॉट आला की सॉफ्टनिंग पॉइंट (राळ मऊ पडते ते तापमान) बघा. ८५ अंशांच्या जागी १०० अंशांची राळ आली असेल तर जुनं प्रमाण बाजूला ठेवून चार डबे पुन्हा मांडा.