मोसंबी लावण्याआधी एक खड्डा बघण्यासाठी खणा

जालना-संभाजीनगर पट्ट्यात मोसंबी लावायची म्हटली की वरची काळीभोर माती बघून आपण खूश होतो. पण झाडाची मुळं खाली जातात, आणि खरा घोळ तिथंच असतो. म्हणून उन्हाळ्यातच शेताच्या मधोमध तीन-साडेतीन फूट खोल खड्डा घ्या. उताराला जमीन असेल तर वर एक, खाली एक.

खड्ड्याची एक भिंत खुरप्यानं खरवडून ताजी करा, म्हणजे थर स्पष्ट दिसतात. वर भेगाळलेली काळी माती, मग घट्ट, चोपण ढेकळं, त्याखाली पांढरे खडे आणि शेवटी मुरूम. मुरूम दोन-तीन फुटांवर लागला तर उत्तमच, पाणी निचरून जातं. पांढरे खडे मात्र नीट तपासा. त्यांवर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे आले की ती चुनखडी. मातीत मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबीला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग फवारण्या करत बसावं लागतं.

खड्ड्यात पाणीही भरून बघा. दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं असेल तर तिथं मोसंबी लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

माती तपासणीला देताना प्रत्येक फुटाचा नमुना वेगळ्या पिशवीत भरा. सगळं एकत्र कालवलं तर चुना कोणत्या थरात आहे ते कळणारच नाही.