नोटपॅड, वर्डपॅड आणि तहसीलसमोरचं टेबल: नव्या ऑपरेटरसाठी

मराठवाड्यात कुठल्याही तहसील कार्यालयासमोर उभं राहा, चार-दोन टेबलं दिसतातच. अर्ज, शपथपत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव, पीकविम्याच्या तक्रारी, सगळं तिथंच टाइप होतं. टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा पास करून नवा मुलगा किंवा मुलगी अशा टेबलावर बसते तेव्हा वाटतं, वर्ड आलं की काम आलं. पण निम्मी कामं विंडोजमध्ये फुकट मिळणाऱ्या दोन साध्या प्रोग्रामांवर होतात आणि बहुतेक चुकाही तिथंच होतात. नोटपॅड १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून आहे. वर्डपॅड विंडोज ९५ सोबत आलं; अगदी नव्या विंडोजवर ते नाही, त्याबद्दल पुढे सांगतो.

दोघांतला फरक आधी नीट समजून घ्या. नोटपॅड फक्त अक्षरं साठवतं. फॉन्ट, ठळकपणा, समास यातलं काहीही त्याच्या टीएक्सटी फाइलमध्ये जात नाही. तुम्ही फॉन्ट बदलता तो तुमच्या पडद्यापुरता. वर्डपॅड अक्षरांसोबत त्यांचं रूपही आरटीएफ फाइलमध्ये ठेवतं. म्हणून पोर्टलच्या, म्हणजे सरकारी वेबसाइटच्या, चौकटीत चिकटवायचा मजकूर नोटपॅडमध्ये आणि कागदावर छापायचा अर्ज वर्डपॅडमध्ये. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डमधून आलेला मजकूर थेट पोर्टलवर टाकू नका. आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करा, तिथून परत कॉपी करा, मग टाका. रंग, फॉन्ट, तक्त्याच्या रेघा मागेच राहतात.

पाच अक्षरांचा प्रयोग

मराठी कीबोर्ड बसवायला सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज, मग ॲड अ लँग्वेज, आणि मराठी. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून. मराठी दाखवणारा मंगल फॉन्ट यादीत नसेल तर ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे पूरक फॉन्ट मिळतात. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसले तर तो फॉन्टचा विषय आहे, अक्षर बदललेलं नाही.

आता पहिल्याच दिवशी एवढं करून बघा. नोटपॅडमध्ये फक्त 'परभणी' टाइप करा, शेवटी एंटर मारू नका. सेव्ह ॲज केल्यावर खाली एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कुठल्या पद्धतीनं साठवायची त्याची, यादी येते. तिथं यूटीएफ-८ निवडून फाइल ठेवा आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये साइझ बघा: १५ बाइट. प, र, भ, ण आणि ईकार अशी पाच चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट. तेच यूटीएफ-१६ एलई मध्ये ठेवलं तर १२: पाच दुणे दहा, आणि सुरुवातीची खूण म्हणून २. आता तिसऱ्या नावानं ॲन्सी, म्हणजे देवनागरी न मावणारी जुनी पद्धत, निवडून सेव्ह करा. नोटपॅड बजावतं की यातली अक्षरं जातील. ओके म्हणा, फाइल बंद करून उघडा. पाच प्रश्नचिन्हं, ५ बाइट. परभणी गेली ती गेली, फॉन्ट बदलून परत येत नाही. ही सूचना न वाचता ओके दाबणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी सवय आहे.

विंडोज १० च्या २०१९ मधल्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये ठेवतं. त्याआधीच्या विंडोजवर ॲन्सी हेच ठरलेलं असायचं. जुनं मशीन असेल तर यादी दरवेळी बघा. नव्या मशीनवर एन्कोडिंग खिडकीच्या तळाला उजव्या कोपऱ्यात दिसतं.

मजकूर बिघडून आला तर घाबरण्याआधी तो कसा बिघडलाय ते बघा. ओळीनं प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं नष्ट झाली, मूळ फाइल किंवा कागद शोधा. चौकोनी डबे दिसत असतील तर अक्षरं शाबूत आहेत, फक्त त्या फॉन्टमध्ये ती नाहीत. मंगल किंवा निर्मला लावा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्या बाजूला चार किरणांचं गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा, असं दिसलं तर मजकूर अगदी धड आहे. तो यूटीएफ-८ आहे पण उघडणाऱ्यानं ॲन्सी समजून उघडला. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट जवळपास सारखेच असतात, म्हणून तीच जोडी सगळीकडे नाचते. नोटपॅडमध्ये केलेली नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर हे हमखास होतं. नोटपॅडमध्ये परत जा, सेव्ह ॲजमध्ये 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा; बॉम म्हणजे तीच सुरुवातीची खूण. फाइल ३ बाइटांनी वाढते आणि एक्सेलला मराठी कळतं.

चौथा प्रकार आपल्याकडे सगळ्यात जास्त. गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर दहा वर्षांपूर्वीचा ठराव आणतं, आणि नोटपॅडमध्ये तो इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टांत फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं काढतो. कृतीदेवमधला 'महारा' म्हणजे प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के. नोटपॅडनं काहीच बिघडवलेलं नसतं, त्यानं फक्त वरचा मुखवटा काढला. इथं एन्कोडिंग बदलून उपयोग नाही, त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्ट झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं मूळ छापील प्रतीशी ताडून बघा. घोळ तिथंच असतो.

शेतकऱ्यांना

रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला माणूस युनिकोडवर (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीवर) आला की दोन ठिकाणी अडखळतो. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी येते. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या मराठी कीबोर्डमध्ये, उच्चाराचा क्रम: आधी क, मग वेलांटी, झालं 'कि'. रफाराचंही तसंच. 'धर्म' मध्ये ध, मग र, हलन्त, म. रफार डोक्यावर जाऊन बसवणं मशीनचं काम, तुमचं नाही.

आणि आपल्या टेबलावर दिवसातून पन्नासदा येणारा शब्द म्हणजे 'शेतकऱ्यांना'. र, हलन्त, य असं मारलं तर 'र्' रफार होऊन 'य' च्या डोक्यावर चढतो आणि शब्द चुकतो. हवा असतो तो अर्धा वाकडा र. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबा, त्यानं 'ऱ' येतो. मग डी दाबून हलन्त, मग इंग्रजी तिरक्या रेघेचं बटण म्हणजे 'य'. काही कीबोर्ड हेच रूप साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालून तयार करतात. छापल्यावर दोन्ही सारखेच, पण एक शोधताना दुसरा सापडत नाही. एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार असतील तर फाइंडमध्ये 'शेतकऱ्यांना' टाकल्यावर निम्मेच मिळतात आणि माणूस फाइललाच दोष देतो. 'ॲड.' मधल्या ॲ चंही हेच: तो एक सलग चिन्ह म्हणून येतो, किंवा अ वर चंद्र ठेवून.

कुठला प्रकार आहे हे वर्डपॅडमध्ये ओळखता येतं. कर्सर अक्षराच्या लगेच पुढे ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक येतो. पुन्हा दाबा, अक्षर परत. उलटही चालतं. इंग्रजी आकड्यांत ०९३१ लिहून ऑल्ट-एक्स केलं की 'ऱ', ०९७२ वर 'ॲ'.

पोर्टलवर अक्षरमर्यादा असेल तर डोळ्यांनी मोजू नका. 'राष्ट्र' दिसायला दोन अक्षरं, पण मशीनसाठी सात: र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये तळाला चिन्हांची संख्या दिसते, तिच्यावर विसंबा. 'नाव', 'दिनांक' यांच्यापुढे विसर्ग मारायची सवयही सोडा. तिथं कोलन हवा.

नोटपॅडची रोजची कामं

एफ-५ दाबलं की त्या क्षणाची वेळ आणि तारीख पडते. टायपिंगच्या सरावात सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा, बास, किती वेळ लागला ते कळतं. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत टिंब देऊन इंग्रजी कॅपिटलमध्ये 'लॉग' लिहा, तीन अक्षरांचा, आणि सेव्ह करा. पुढच्या वेळेपासून फाइल उघडली की शेवटी तारीख-वेळ आपोआप लागते. कोणाचा कोणता अर्ज केला त्याची वही म्हणून हे छान चालतं.

नोटपॅडमधून छापणं टाळावं, पण घाईत छापलंच तर फाइलमधलं पेज सेटअप उघडून हेडर आणि फुटर दोन्ही चौकटी रिकाम्या करा. नाहीतर अर्जाच्या डोक्यावर फाइलचं नाव आणि पायाशी इंग्रजीत पानाचा क्रमांक छापला जातो. 'मा. तहसीलदार साहेब' च्या वर 'अनटायटल्ड' असलेले अर्ज आवक-जावकच्या गठ्ठ्यात कमी नसतात.

लाइट कधी जाईल याचा नेम नाही. विंडोज ११ चं नोटपॅड न सेव्ह केलेला मजकूर पुन्हा उघडल्यावर बहुधा परत देतं, विंडोज १० चं देत नाही, वर्डपॅड तर कधीच नाही. म्हणून पहिल्या ओळीनंतर लगेच कंट्रोल-एस, आणि मग प्रत्येक परिच्छेदाला. विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये कंट्रोल-झेड एकच पाऊल मागे जातं. दुसऱ्यांदा दाबलं तर मागे घेतलेलं परत येतं. त्यावर भरवसा ठेवू नये.

वर्डपॅडमध्ये छापील अर्ज

आधी पेज सेटअप. कागद ए-४ म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. कित्येक मशीनवर लेटर लावलेला असतो, २१६ गुणिले २७९, आणि मग प्रिंटर कागद मागत बसतो. तारीख आणि सही उजवीकडे न्यायला स्पेसबार बडवत बसू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे पडद्यावर जुळलेलं कागदावर हलतं. ओळ उजवीकडे लावा, किंवा वरच्या पट्टीवर क्लिक करून टॅबची जागा ठरवा. गट क्रमांक, क्षेत्र, पीक असे तीन-चार रकाने टॅबवर निभतात. वर्डपॅडमध्ये तक्ता घालायची सोय नाही, त्यापुढचं काम लिब्रेऑफिस रायटरमध्ये करा. तेही फुकट आहे.

स्टॅम्पपेपरचा वरचा भाग छापील असतो. ती जागा फूटपट्टीनं मोजा, आणि पहिल्या पानावर तेवढ्या रिकाम्या ओळी सोडा. वरचा समास वाढवलात तर तो दुसऱ्या पानालाही लागतो आणि तिथं अर्धं पान कोरं जातं. आधी साध्या कागदावर छापून तो स्टॅम्पपेपरमागे धरून उजेडात बघायचा, मगच खरा कागद घालायचा.

आरटीएफ फाइल चुकून नोटपॅडमध्ये उघडली तर कंस आणि उलट्या तिरक्या रेघांचा पसारा दिसतो. मराठी अक्षरं त्यात क्रमांकांनी लिहिलेली असतात, 'प' म्हणजे २३४६. काही न करता बंद करा. एक जरी कंस उडाला आणि सेव्ह झालं, तर फाइल धड उघडेलच असं नाही. आणि वर्डपॅडमधून टीएक्सटी करायची असेल तर यादीतला 'युनिकोड टेक्स्ट' निवडा. नुसतं 'टेक्स्ट' निवडलंत तर परभणीचा प्रयोग पुन्हा होईल.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं वर्डपॅड काढून टाकलं आहे. अपडेट झाल्यावर ते नाहीसं झालं तर व्हायरस समजू नका. आरटीएफ फाइली जागच्या जागी असतात, लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. छापण्याआधी समास आणि टॅब तेवढे तपासा.

सगळं बदला, हे बटण

२०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, आणि प्रत्येक टेबलावरचे जुने नमुने बदलायची वेळ आली. "भाऊ, तेवढं जिल्ह्याचं नाव बदलून द्या बरं," असं गिऱ्हाईक म्हणतं. कंट्रोल-एच, वर जुनं नाव, खाली नवं, रिप्लेस ऑल. उस्मानाबादला, उस्मानाबादच्या, उस्मानाबादमधून, सगळे प्रत्यय बरोबर बसतात, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग शेळीगटाच्या प्रस्तावात 'धाराशिवी जातीच्या १० शेळ्या' छापून जातात. जात उस्मानाबादीच आहे, आणि पशुधन अधिकारी प्रस्ताव परत पाठवतात.

म्हणून आधी फाइलची प्रत करा. मग रिप्लेस ऑल न दाबता फाइंड नेक्स्ट आणि रिप्लेस एकेक करत जा. तीस जागा असतील तर दोन-तीन मिनिटं लागतात. जुन्या कागदाचा हवाला जिथं दिला आहे, म्हणजे दाखल्याचं किंवा खरेदीखताचं वर्णन, तिथं मूळ कागदावर जे नाव आहे तेच राहू द्या.